चंद्रकळेवर तेरा हत्ती: कसुतीच्या नोंदी

१० ऑगस्ट
भाचीची पहिली संक्रांत जानेवारीत. हलव्याचे दागिने तिच्या सासूबाई करणार, काळी साडी मावशीकडून, हे लग्नातच ठरलं होतं. तिथं भरल्या घरात मी बोलून गेले की तयार आणणार नाही, स्वतः कसुतीचं भरतकाम करून देईन. माझा कसुतीचा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना भरलेले दोन हातरुमाल. तेही मागून बघवत नाहीत.

आज शहापुरातून साडी आणली. काळी, सुती, लाल पदराची इरकल. २,६०० रुपये. अंगावर बुट्टी वगैरे काही नसलेली मुद्दाम शोधली, त्यात अर्धा दिवस गेला. दुकानदार भरलेली साडी दाखवत होता आणि किमतीचा आकडा ऐकून मला आधी महाग वाटलं. आता या नोंदी लिहून होईपर्यंत काय वाटतं ते बघू.

बाकीचं सामान: सहा पदरी सुती धाग्याच्या लड्या (मोतिया, लाल, केशरी, हिरवा) मिळून २०, प्रत्येकी १५ रुपये. बोथट टोकाच्या सुया, २४ आणि २६ नंबर, ४० रुपये. आलेखाची वही ६०. दिव्याचं भिंग ३५०. भिंग घेताना चैन वाटली होती, पण आता कुणी विचारलं तर साडीच्याही आधी भिंग घ्या म्हणेन.

बेत असा: लाल पदर संपून काळा भाग सुरू होतो तिथं हत्तींची एक ओळ, तिच्यावर पाच गोपुरं, दोन टोकांना एकेक रथ, आणि पुढं अंगभर तुळशीच्या छोट्या बुट्ट्या. हातात पाच महिने आहेत.

१४ ऑगस्ट
साडीला हात लावायच्या आधी मॅटीच्या कापडाच्या तुकड्यावर एक गोपूर भरलं. शेजारच्या अज्जींना दाखवायला नेलं. अज्जी धारवाडकडच्या, आता ऐंशीच्या पुढं, चष्म्याशिवाय सुई ओवतात. त्यांनी कापड हातात घेतलं ते थेट उलटं केलं. पुढची बाजू बघितलीच नाही.

"गाठ मारलीस गे?"

मारली होती. चार ठिकाणी.

कसुतीत गाठ चालत नाही, हे मला तोंडपाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं. अज्जींनी करून दाखवलं: सुरुवातीला बोटभर दोरा मागं मोकळा सोडायचा, परत येताना तो टाक्यांच्या खालून ओढून घ्यायचा, आणि शेवटचं टोकही तसंच. मग कुठून सुरू झालं आणि कुठं संपलं ते शोधूनही सापडत नाही.

दुसरी चूक तीन पदर वापरण्याची. मॅटीवर ते खपून गेलं, साडीवर जाड दिसेल. दोन पदर घ्यायचे, तेही लडीतून एकेक वेगळा ओढून मग जोडायचे. दोन्ही एकदम ओढले की पीळ पडतो आणि टाका दोरीसारखा दिसतो. दोऱ्याची लांबी बोटापासून कोपरापर्यंत. मी आळशीपणानं दुप्पट घेतला होता, तो निम्म्यातच पिंजला.

ज्यांना टाके माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. गवंती म्हणजे धावदोरा घालत पुढं जायचं आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, त्यामुळं पुढून-मागून सारखं दिसतं. मुरगी तोच, पण पायऱ्यापायऱ्यांचा. नेगी म्हणजे विणल्यासारखा भराव. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यावरून नाव पडलेला. मागून-पुढून तंतोतंत सारखे फक्त पहिले दोन. छाप नाही, पेन्सिल नाही, सगळं कापडाचे धागे मोजून.

२३ ऑगस्ट
नमुना म्हणून साडीच्या आतल्या टोकावर, नेसताना खोचलं जातं तिथं, एक हत्ती भरला. भरून झाल्यावर लांब धरून बघितला तर हत्ती नव्हता. उंच पायांचा, अरुंद पोटाचा, जिराफाकडं झुकलेला कुणीतरी होता.

मोजायला काही चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. चुकलं नव्हतं. शेवटी भिंग लावून एका इंचातले धागे मोजले: उभे ५६, आडवे ४४. मॅटीत दोन्हीकडं सारखेच असतात, म्हणून तिथं चौकोन चौकोनच येतो. साडीत चार उभे धागे ओलांडणारा आडवा टाका आखूड पडतो आणि चार आडवे धागे ओलांडणारा उभा टाका लांब. चाराला चार घेतले की सगळं नक्षीकाम सव्वापट उंच होणार.

गोपुराला ते एक वेळ शोभलं असतं. हत्तीला नाही.

चार तास पाण्यात. पण हे खोचायच्या टोकावर झालं, हे नशीब. हत्ती उसवणार नाही, तिथंच राहू दे. नेसल्यावर तो दिसणारही नाही.

२६ ऑगस्ट
उपाय सापडला. आडव्या टाक्याला पाच धागे, उभ्याला चार. आकडे मांडून बघितले तर दोन्ही टाके जवळपास एकाच लांबीचे येतात, फरक डोळ्याला कळत नाही. म्हणजे आलेखाच्या वहीतलं एक घर म्हणजे रुंदीला पाच धागे आणि उंचीला चार.

अज्जींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? प्रत्येक कापडाचं मोजायचं असतं की." हे त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर, असं मनात आलं. मी विचारलंच नव्हतं, हेही खरं.

हत्ती २४ घरं रुंद, १८ घरं उंच, दोन हत्तींमध्ये ८ घरं मोकळी. म्हणजे एका हत्तीमागं ३२ घरं, १६० धागे. दोन काठांच्या मधला काळा भाग साडेअडतीस इंच भरला, त्यात तेरा हत्ती बसतात आणि कडेला थोडी जागा उरते. मधला, म्हणजे सातवा, आधी भरायचा आणि तिथून दोन्हीकडं सरकायचं. काठापासून सुरुवात केली आणि मोजण्यात दोनचार धागे इकडंतिकडं झाले, तर शेवटचा हत्ती काठावर चढतो.

दर १६० धाग्यांवर पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा टाका घालून ठेवला. सगळं मिळून तीन संध्याकाळी गेल्या. हे काम फार कंटाळवाणं आहे. तरी गाळू नका.

३० ऑगस्ट
काळ्या कापडावर धागे मोजणं म्हणजे काळोखात मुंग्या मोजणं. त्यात पाऊस, त्यात दिवे जातात. मांडीवर पांढरा पंचा पसरून त्यावर साडी घेतली की भोकं दिसायला लागतात. एवढी साधी गोष्ट, पण तीन दिवस डोळे चोळत बसले तेव्हा सुचली.

कापड ताणून धरायला भरतकामाची रिंग लावली तर काम झाल्यावर रोज काढून ठेवायची. परवा रात्रभर लावून ठेवली, आता तिथं गोल वण आहे. इस्त्रीनं जाईल बहुतेक.

६ सप्टेंबर
सातवा हत्ती सुरू केला आणि त्यातच अडकले.

बाहेरची रेघ व्यवस्थित गेली: सोंडेपासून कपाळ, पाठ, मागचे पाय, पोट, पुढचे पाय, पुन्हा सोंड. मग पाठीवरच्या झुलीची चौकट, सहा घरं रुंद आणि चार घरं उंच. चौकटीला एक फेरी मारली. एक टाका वर, एक खाली, नेहमीसारखं. फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या टोकाशी आले आणि त्याच दिशेनं दुसऱ्या फेरीला निघाले, राहिलेल्या जागा भरायला. पाहते तर सुई नेमकी आधीच्या टाक्यावरच जातेय. रिकाम्या जागा रिकाम्याच, भरलेल्यावर दुसरा थर.

वाटलं, मध्ये एखादा टाका चुकला. उसवलं. पुन्हा तेच. पुन्हा उसवलं. रात्री अकराला साडी घडी करून ठेवून दिली.

याच्यावर माझा एवढा विश्वास का बसला होता, तर मॅटीवरच्या गोपुराच्या पताकेला मी हेच केलं होतं. त्रिकोणाला एक फेरी, त्याच दिशेनं दुसरी फेरी, आणि पताका चोख भरली होती.

७ सप्टेंबर
सकाळी चहा घेताना वहीत आकडे घातले. पताकेच्या त्रिकोणाला टाके तीन. चौकटीला वीस.

पहिला टाका वर, दुसरा खाली, तिसरा वर. त्रिकोण संपला, पुढचा चौथा खाली, आणि तो पहिल्याच्या जागी पडतो, जिथं वर आधीच भरलंय. म्हणून दुसऱ्या फेरीत बरोबर मागची बाजू भरत जाते. वीस टाक्यांचं तसं नाही. विसावा खाली, म्हणून एकविसावा वर, आणि तो पुन्हा पहिल्याच्याच जागी वर. थरावर थर.

म्हणजे विषम टाक्यांचं कडं पुढं फिरून भरतं, सम टाक्यांचं भरत नाही. सम असेल तर टोकाशी पोचल्यावर मागं वळायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. आणि मौज म्हणजे आल्या वाटेनं परत गेलं तर विषमही भरतंच. म्हणजे पुढं फिरायचा प्रश्नच नको, नेहमी मागं वळायचं. मॅटीवर माझं नुसतं नशिबानं जमलं होतं.

अज्जींना विचारलं, तुम्ही हे कसं लक्षात ठेवता. त्यांना प्रश्नच कळला नाही. "गेल्या वाटेनं घरी यायचं. दुसऱ्या वाटेनं कशाला येशील?"

ज्यांना हे करायचंय त्यांनी सुई धरण्याआधी वहीत वाट काढावी. मी निळ्या पेनानं जायची वाट आणि लाल पेनानं परतीची वाट काढते, बाणांसह. शेपूट, सुळा, झूल हे फाटे आहेत. फाटा लागला की टोकापर्यंत जायचं, तिथून परत फाट्याच्या तोंडाशी यायचं, मगच पुढची वाट धरायची. फाटा विसरून पुढं गेलं तर नंतर तिथं पोचायला मागून आडवा दोरा न्यावा लागतो, आणि तो अज्जींना अंधारातही दिसेल.

पहिला हत्ती एकूण पाच तास चाळीस मिनिटं. त्यात उसवण्याचे दोन तास.

२१ सप्टेंबर
चार हत्ती झाले. आता एकाला अडीच तास लागतात.

वेळ वाचायचं खरं कारण हात बसणं नाही. एक गोष्ट उशिरा ध्यानात आली: जाताना मोजावं लागतं, येताना नाही. जायच्या वाटेनं भोकं ठरून जातात, परतीला फक्त तीच भोकं गाठायची. म्हणून जायची वाट सकाळी नऊ ते अकरा, खिडकीत बसून. परतीची वाट रात्री, टीव्ही चालू असताना. एका वेळी तीन हत्तींच्या जायच्या वाटा घालून ठेवते. सकाळी तुटक हत्ती, रात्री अखंड.

परतताना एक काळजी घ्यायची. जुन्या टाक्याच्या दोऱ्यात सुई घुसता कामा नये, घुसली की रेघ खडबडीत होते. भोकातून वर येताना जुन्या दोऱ्याच्या वरच्या अंगानं यायचं, खाली जाताना खालच्या अंगानं. मग टाके पायऱ्यांसारखे तिरपे न पडता सरळ रेघेत बसतात. बोथट सुईच घ्यायची ती यासाठीच.

अज्जी आज ओळ बघून म्हणाल्या, "सगळे एकाच गावाला निघालेत की!" जुन्या कामात समोरासमोर तोंड केलेल्या जोड्या असतात म्हणे. माझे सगळे उजवीकडं चालले आहेत. आता तेच ठेवते.

२८ सप्टेंबर
मुलानं फोनवर एक चित्र आणून दाखवलं. हान्स होल्बाइन नावाच्या चित्रकारानं काढलेलं इंग्लंडच्या जेन सीमोर राणीचं, १५३६-३७ सालचं. मनगटाच्या झालरीवर काळ्या धाग्याचं भरतकाम, आणि झालर दुमडली आहे तिथं आतूनही तेच दिसतं. तिकडं या दुहेरी धावदोऱ्याला त्या चित्रकाराच्याच नावानं ओळखतात. टाका तिथं कुणी घातला असेल, नाव मात्र चित्र काढणाऱ्याचं. असो. सहा हत्ती.

१२ ऑक्टोबर
वाईट दिवस.

नऊ हत्ती झाले होते. बाह्यरेषा मोतिया, झूल लाल नेगीत. भांडी घासून आले, हात नीट पुसले नव्हते, आणि नवव्या हत्तीवर थेंब पडला. टिपायला पांढरा रुमाल दाबला तर रुमालावर गुलाबी डाग. हत्तीचं पोट गुलाबी.

लाल धाग्याचा रंग जातो हे मी तपासलंच नव्हतं. साडी कधीतरी धुतली जाणारच, तेव्हा नऊच्या नऊ हत्ती गुलाबी झाले असते. एका लडीवर मीठ आणि व्हिनेगरचं पाणी करून बघितलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी सरबतासारखं. दुसऱ्यांदाही तसंच.

तेव्हा नऊ झुली उसवायच्या. नव्या लाल लड्या, वेगळ्या छटेच्या, सहा घेतल्या, ९० रुपये. या वेळी प्रत्येक रंगाचा वीतभर धागा ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि गरम इस्त्री दाबली. नवा लाल टिकला. हिरवाही टिकला. केशरीनं किंचित पिवळसर डाग सोडला, तो बदलला, आणखी ६० रुपये. हे काम दहा ऑगस्टला अर्ध्या तासात झालं असतं.

१४ ऑक्टोबर
त्याहून वाईट दिवस.

झुली उसवताना चिडले होते. नेगीचा दोरा खरं तर सुईच्या नेढ्यानं मागून उचलत गेलं की सहज निघतो. पाच झुली तशा काढल्या. सहावीला दोरा पिंजून अडकला, मी घाईनं छोटी कात्री घातली आणि कच्च असा आवाज आला. लाल दोरा कापला गेलाच, त्याच्याखालचा साडीचा एक आडवा धागाही गेला. हत्तीच्या पाठीवर, ऐन मध्ये.

भोक दिसत नव्हतं. एक बारीक फट होती. पण कापड ताणलं की ती मोठी व्हायची, आणि उद्या धुतल्यावर कापलेला धागा दोन्हीकडं सरकणार हे दिसत होतं.

भाचीचा फोन आला तेव्हा साडीचं काय चाललंय म्हणाली. "छान चाललंय," म्हणाले.

१५ ऑक्टोबर
अज्जींनी फट बघितली आणि विचारलं, "ह्याच साडीचा धागा आहे?"

साडीच्या आतल्या टोकाला, त्या जिराफाच्या जरा पलीकडं, कडेचा एक आडवा धागा सुईनं सैल करून पूर्ण ओढून काढला. तोच काळा रंग, तोच पीळ. बाजारातला काळा धागा आणला असता तर तो वेगळाच चमकला असता. मग तो बारीक सुईत ओवून कापलेल्या धाग्याच्या वाटेनं, फटीच्या इंचभर आधीपासून इंचभर पुढंपर्यंत, एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून असा नेला. भिंगाखाली, पंचा मांडीवर, श्वास रोखून. दोन इंचांसाठी ११२ उभे धागे. एक तास दहा मिनिटं. मग कापलेल्या धाग्याची दोन्ही टोकं मागून छाटली.

त्यावर आता झुलीचा भराव येणार, म्हणजे जोड झाकलाही जाईल आणि धरलाही जाईल. हा हत्ती डावीकडून पाचवा. मला तो कायम ओळखू येणार आहे.

काळ्या कापडात लाल तंतू अडकून राहिले होते. चिकटपट्टी दाबून उचलली की निघतात.

२ नोव्हेंबर
दिवाळीचे पंधरा दिवस सुई हातात घेतली नाही. आज हत्ती बारा.

हिशेब मांडला. गोपूर एक भरायला सात तास. पाच गोपुरं म्हणजे पस्तीस. रथाला त्याहून जास्त, कारण चाकात मेंथी आणि कळसात मुरगी. संक्रांतीला त्र्याहत्तर दिवस, त्यातले सकाळचे उजेडाचे तास मोजले तर रथ बसत नाहीत. रथ रद्द. वहीतलं रथाचं पान फाडणार नाही, दुसऱ्या कुणाच्या साडीला होईल.

बुट्ट्या चाळीस धरल्या होत्या, त्या एकवीस. पदराच्या बाजूला दाट आणि आत विरळ होत जातील. निऱ्यांत जातं तिथं काहीच नाही.

९ नोव्हेंबर
तेरावा हत्ती पूर्ण. शेवटच्या हत्तीपासून काठापर्यंत दोन्हीकडं मोजलं. एकीकडं ५७ धागे, दुसरीकडं ५९. दोन धागे कुठं गेले ते शोधणार नाही.

३० नोव्हेंबर
तीन गोपुरं. यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार नाही, सरळ काम आहे. पायऱ्या मुरगीच्या, रेघा गवंतीच्या, वाट वहीत काढलेली. एकदाच एक पायरी चार धाग्यांऐवजी तीनवर घातली आणि ते वर कळसाशी पोचल्यावर कळलं. अडीच तास उसवलं. आता दर दहा घरांनी थांबून डावा आणि उजवा भाग ताडून बघते.

डोळ्यांचा नंबर वाढलाय असं वाटतं. तासाला एकदा उठून गच्चीत जाते, लांबचं काहीतरी बघते.

२१ डिसेंबर
गोपुरं पाच, बुट्ट्या नऊ. तुळशीची बुट्टी चाळीस मिनिटांत होते. एकीला सुरू करून तिथंच संपवायची, दोरा पुढच्या बुट्टीपर्यंत ओढायचा नाही. मी एकदा वेळ वाचवायला ओढला. चार इंचांचा हिरवा दोरा मागं लोंबत होता, त्यात बांगडी अडकेल हे दिसतच होतं. कापून दोन्ही टोकं आत घेतली. वाचवलेली पाच मिनिटं गेली आणि वर पंधरा गेली.

मोतिया लड्या कमी पडल्या. नव्या दोन आणल्या, त्या उन्हात धरल्या तर किंचित पिवळट. नंबर तोच, खेप वेगळी. सुदैवानं हत्ती संपले होते, नव्या लड्या फक्त बुट्ट्यांच्या वृंदावनाला वापरल्या, त्या एकमेकींपासून लांब असतात. एका रंगाचा सगळा धागा एकदमच घ्यावा, उरला तर उरला.

८ जानेवारी
एकविसावी बुट्टी आज दुपारी. कच्चे टाके काढले. साडी टर्किशच्या टॉवेलवर उलटी पसरून, वर ओला पंचा घालून इस्त्री केली, म्हणजे टाके दबून चपटे होत नाहीत. रिंगचा वण गेला.

तास मोजले: साधारण ११५ भरण्याचे, ३० उसवण्याचे आणि डागडुजीचे, मोजणी-आखणीचे वेगळे २०. खर्च साडीसकट ३,५३० रुपये. दहा ऑगस्टला ज्या भरलेल्या साडीची किंमत महाग वाटली होती, ती आठवली. ज्यांनी ती भरली त्यांना त्यातून किती मिळालं असेल याचा हिशेब केला आणि वही मिटली.

अज्जींकडं नेली. नेहमीप्रमाणं उलटी केली. हत्तींच्या ओळीवरून बोट फिरवत गेल्या, पाचव्याशी बोट थांबलं. "हा तो?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. पुढं सरकल्या. शेवटी चष्मा मागितला, जो त्या कधी लावत नाहीत, आणि मग सुलटी करून पहिल्यांदा पुढची बाजू बघितली.

१५ जानेवारी
भाचीचे फोटो आले. हलव्याचा हार, मुकुट, काळी साडी, पदर खांद्यावरून पुढं घेतलेला. सासूबाईंनी साडी भरलेली कुठून आणली म्हणून विचारलं म्हणे.

फोटो मोठा करून बघितला. हत्ती डावीकडं चालले आहेत. झुलीतले चौकोनही उलटे, जिथं लाल हवं तिथं काळं. पदर उलटा घेतलाय. तिला अजून सांगितलेलं नाही.